ठोका जुळला, तरच हिशेब जुळतो



मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील आवारातला राजाबाई टॉवर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. कापसाच्या आणि रोख्यांच्या व्यापारात नाव मिळवलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातुःश्रींचे नाव राहावे म्हणून या मनोऱ्यासाठी मोठी देणगी दिली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये तो बांधून पूर्ण झाला. राजाबाईंची दृष्टी वृद्धापकाळी गेली होती. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा त्यांचा नियम होता. घंटेच्या नादावरून त्यांना वेळ कळावी, कोणाला विचारावे लागू नये, म्हणून मुलाने हा मनोरा उभारला, अशी आख्यायिका आपल्या घराघरांतून सांगितली जाते. तिच्यात इतिहास किती आणि मातृभक्ती किती, हा प्रश्न आज बाजूला ठेवू. त्या आख्यायिकेत एक शास्त्रीय कल्पना दडलेली आहे, ती मात्र पाहण्यासारखी आहे. घड्याळ एक, ऐकणारे हजार. प्रत्येक घरी उत्तम घड्याळ असण्याची गरज नाही. एका विश्वासू घड्याळाचा ठोका सर्वांपर्यंत पोहोचला, की पुरे.

आज आपण पेढीवर बसून मोबाइलवर भाव विचारतो, क्यूआर कोडवर पैसे घेतो, ई-वे बिल काढतो. या प्रत्येक व्यवहाराच्या मुळाशी हीच कल्पना आहे. दूरसंचाराच्या यंत्रांना संदेश वाहून नेण्याइतकेच महत्त्वाचे दुसरेही काम करावे लागते, आणि ते म्हणजे ठोका वाहून नेण्याचे. हे काम नीट चालले असता कोणाच्याही ध्यानात येत नाही. बिघडले, म्हणजे सारे जाळे डळमळू लागते. या खेपेस या सदरात त्याचीच ओळख करून घेऊ.

गोदाम कितीही मोठे असले तरी

समजा, नगरच्या आडते बाजारातील एका पेढीवरून मार्केट यार्डातील दुसऱ्या पेढीकडे धान्याची पोती जात आहेत. पाठवणारा आपल्या घड्याळाप्रमाणे तासाला शंभर पोती रवाना करतो; घेणारा आपल्या घड्याळाप्रमाणे तासाला शंभर पोती उचलतो. दोघेही सचोटीचे. मात्र पाठवणाऱ्याचे घड्याळ किंचित पुढे धावते. मध्ये एक गोदाम आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. काही आठवड्यांनी गोदामात थोडी पोती साठलेली दिसतात. गोदाम कितीही मोठे असले तरी एक दिवस ते भरणारच, आणि त्या दिवशी आलेल्या पोत्याला जागा उरणार नाही. उलट पाठवणाऱ्याचे घड्याळ मागे पडत असेल, तर एक दिवस गोदाम रिकामे होईल आणि उचलणाऱ्याच्या हाती काहीच येणार नाही. मोठे गोदाम संकट लांबवते, टाळत नाही. टाळायचे असेल, तर दोघांनी एकाच घड्याळावर चालले पाहिजे.

टेलिफोनच्या अंकीय जाळ्यात नेमके हेच घडते. आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहिली जाते. म्हणजे एका संभाषणाचे सेकंदाला ६४,००० बिट झाले. अशी तीस संभाषणे आणि नियंत्रणाचे दोन रकाने मिळून बत्तीस रकान्यांची एक ओळ तयार होते. तिला ‘फ्रेम’ म्हणतात. एका फ्रेममध्ये २५६ बिट असतात आणि ती १२५ मायक्रोसेकंदांत संपते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. अशा ८,००० फ्रेम दर सेकंदाला धावतात, म्हणजे सेकंदाला २०,४८,००० बिट. एक्स्चेंजमधील तंत्रज्ञ या प्रवाहाला सोप्या भाषेत ‘टू एमबी’ म्हणतात. आपल्या भागातील एक्स्चेंजे एकमेकांना जोडली गेली, ती दीर्घकाळ अशाच प्रवाहांनी.

या प्रवाहाच्या वेगात दहा लाखांत पन्नास इतका फरक प्रमाणकाने चालवून घेतला आहे. मनगटी घड्याळात एवढा फरक असेल, तर ते दिवसाला साधारण सव्वाचार सेकंद चुकेल; आपण त्याला उत्तम घड्याळच म्हणू. परंतु ‘टू एमबी’च्या प्रवाहात तेवढ्याच फरकाने दर सेकंदाला सुमारे १०२ बिट जास्त किंवा कमी पडतात, आणि दर अडीच सेकंदांनी एक संपूर्ण फ्रेम गळते किंवा दोनदा वाचली जाते. यालाच ‘स्लिप’ म्हणतात.

येथे यंत्ररचनाकारांनी एक शहाणपण केले आहे. गोदाम भरले म्हणून मधलाच एखादा बिट टाकून दिला, तर पुढचे सारे रकाने एकेक घर सरकतील. एकाचे संभाषण दुसऱ्याच्या कानी जाईल. रोजमेळात एक आकडा गळाला, की पुढच्या साऱ्या रकमा चुकीच्या रकान्यात पडतात, तसेच ते होईल. म्हणून यंत्र टाकायचीच वेळ आली, तर पूर्ण ओळ टाकते. नुकसान होते, पण रकाने जागेवर राहतात.

एवढ्याशा स्लिपने बिघडते काय? बोलण्यात बारीकसा ‘टक्’ आवाज होतो. कान तो सहज माफ करतो. फॅक्स मात्र माफ करत नसे. गेल्या शतकाच्या अखेरीस भावपत्रके आणि मालाच्या मागण्या फॅक्सवर येत, तेव्हा अशा स्लिपमुळे पानावरच्या काही ओळी तुटत. भावपत्रकात तुटलेली ओळ म्हणजे काय, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको. संगणकाचा डेटा असेल, तर बिघडलेला भाग पुन्हा मागवावा लागतो आणि वेग घटतो. सांकेतिक भाषेत गुंडाळलेला संदेश असेल, तर दोन्ही टोकांची कुलूप-किल्ली जुळेनाशी होऊ शकते. आवाजापुरते असलेले जाळे जसजसे हिशेबाचे आणि पैशाचे झाले, तसतशी ठोक्याची किंमत वाढत गेली.

ठोका येतो कोठून

मग घेणाऱ्या यंत्राला पाठवणाऱ्याचा ठोका कळतो कसा? ठोक्यासाठी वेगळी तार टाकावी, तर खर्च दुप्पट. शिवाय लांबच्या वाटेवर संदेश आणि ठोका सारख्याच वेळी पोहोचतील, याची खात्री नाही. म्हणून ठोका संदेशातच मिसळलेला असतो. तबला नसतानाही भजन म्हणणाऱ्याच्या शब्दांच्या फेकीवरून ऐकणाऱ्याला ताल सापडतो, तसे यंत्र येणाऱ्या विद्युत्स्पंदांच्या चढउतारांवरून ठोका शोधून काढते. गाणारा फार वेळ गप्प राहिला, तर मात्र ताल सुटतो. संदेशात शून्यामागून शून्ये आली, तर तारेवर चढउतारच उरत नाहीत. यासाठी ‘टू एमबी’च्या तारेवर असा संकेत वापरतात, की सलग चार शून्ये आली तर त्यांच्या जागी ओळखीची खूण असलेले स्पंद घातले जातात आणि पलीकडे ते काढून घेतले जातात. संदेश बदलत नाही. ताल मात्र टिकतो.

हा ताल पकडणाऱ्या मंडलाला ‘फेज-लॉक लूप’ म्हणतात. त्यात यंत्राचा स्वतःचा एक दोलक असतो. त्याचा ठोका आणि बाहेरून येणारा ठोका यांची सतत तुलना होते. आपला मागे पडला तर किंचित पुढे, पुढे गेला तर किंचित मागे, असे त्याला सारले जाते. या सारण्यातच सारे कसब आहे. बाहेरचा प्रत्येक ठोका नेमक्या जागी येतोच असे नाही. वाटेत त्याला थरथर सुटते. हिला ‘जिटर’ म्हणतात. प्रत्येक थरथरीबरोबर धावणारे यंत्र स्वतःही थरथरू लागते आणि पुढच्याला आणखी थरथर देते. उलट फार संथ यंत्र खरा बदलही ओळखत नाही. चांगला मुनीम एका दिवसाच्या तेजीमंदीवर खरेदीचे धोरण बदलत नाही. अनेक दिवसांचा कल पाहतो. चांगले यंत्रही अनेक ठोक्यांची सरासरी पाहून हळूहळू वळते.

आता प्रेषण-यंत्राच्या आतले दृश्य डोळ्यांपुढे आणू. येणारे बिट एका छोट्या गोदामात, म्हणजे ‘बफर’मध्ये, लिहिले जातात, ते लिहिण्याचा वेग बाहेरून आलेल्या ठोक्याचा असतो. त्याच बफरमधून ते वाचले जातात यंत्राच्या स्वतःच्या, शांत केलेल्या ठोक्यावर. लिहिण्याचा ठोका थरथरला तरी वाचण्याचा स्थिर राहतो. दोन्हींचा सरासरी वेग एकच असेल, तर बफर अर्ध्याच्या आसपास भरलेला राहतो आणि थरथर तेथेच जिरते. गोदामाचे खरे काम एवढेच आहे: क्षणिक चढउतार पोटात घेणे. कायमचा फरक ते पोटात घेऊ शकत नाही.

भरतीची पोती

प्रकाशतंतूंच्या पहिल्या पिढीत जाळ्यातील सर्व यंत्रांना एकाच ठोक्यावर आणणे अवघड होते. तेव्हा एक व्यवहारी तोड काढली गेली. ‘टू एमबी’चे चार प्रवाह एकत्र करायचे, तर त्यांची बेरीज ८१.९२ लाख बिट होते. परंतु एकत्रित प्रवाहाचा वेग मुद्दाम थोडा जास्त, ८४.४८ लाख ठेवला गेला. त्या जास्तीच्या जागेतील काही ओळख-खुणांसाठी, आणि काही भरतीच्या बिटांसाठी. एखादा प्रवाह संथ असेल, तर त्याच्या वाट्याच्या जागी रिकामे, बिनकामाचे बिट घालायचे आणि सोबत ‘हे भरतीचे आहे’ अशी चिठ्ठी पाठवायची. पलीकडचे यंत्र चिठ्ठी वाचून ते बिट फेकून देते. ट्रकमध्ये जागा उरू नये म्हणून भुशाची पोती घालावीत आणि पावतीवर तशी नोंद करावी, तसा हा प्रकार. काही गळत नाही, पण एक अडचण राहते. मोठ्या प्रवाहातून एखादा छोटा प्रवाह मधल्याच गावी उतरवून घ्यायचा, तर सारा ट्रक रिकामा करून पोती मोजावी लागतात.

१९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणक ठरलेल्या नव्या पद्धतीने, म्हणजे एसडीएच या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेने, ही अडचण दूर केली. तिचा पायाचा प्रवाह सेकंदाला १५ कोटी ५५ लाख २० हजार बिटांचा. फ्रेम मात्र जुन्याच १२५ मायक्रोसेकंदांची. यात सारी यंत्रे एकाच मूळ घड्याळावर चालावीत, अशी अपेक्षा असते. तरीही थोडाफार फरक राहिलाच, तर माल फ्रेममध्ये नेमका कोठून सुरू होतो ते सांगणारा एक ‘पॉइंटर’ पुढेमागे सरकतो. वहीत खाते कोणत्या पानावर सुरू होते, हे अनुक्रमणिकेत लिहिलेले असावे, तसे हे आहे. त्यामुळे मधल्या गावी हवे तेवढेच उतरवून घेता येते.

कोणाचे घड्याळ खरे

एकाच घड्याळावर चालायचे म्हटले, की पहिला प्रश्न येतो: कोणाचे घड्याळ? आपल्या देशाने हा प्रश्न पूर्वीही अनुभवला आहे. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची वेळ भारतीय प्रमाणवेळ म्हणून लागू झाली. परंतु मुंबई शहराने त्यानंतरही कित्येक दशके आपली स्वतंत्र, सुमारे ३९ मिनिटे मागची वेळ सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा चालत. आपल्या नगरचा सूर्यही प्रमाणवेळेपेक्षा साधारण ३१ मिनिटे मागे चालतो. म्हणूनच सूर्योदय-सूर्यास्ताच्या कोष्टकात प्रत्येक गावासाठी वेगळे मिनिट द्यावे लागते. सूर्य प्रत्येक गावाचा निराळा असला, तरी व्यवहाराला सर्वांचे मिळून एकच घड्याळ लागते.

दूरसंचाराच्या जाळ्यात हा मान सीझियमच्या घड्याळाला आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० स्पंदनांनी केली जाते. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी अणुघड्याळे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहेत. दूरसंचाराच्या मूळ घड्याळाला प्रमाणकाप्रमाणे दहा हजार कोटी ठोक्यांत एका ठोक्याचा फरक चालतो. दोन स्वतंत्र जाळ्यांत अशी घड्याळे असली आणि त्यांची चूक परस्परविरुद्ध दिशांना कमाल झाली, तरी दोन्हींमध्ये एक स्लिप घडण्यास सुमारे ७२ दिवस लागतात. दर अडीच सेकंदांची स्लिप ७२ दिवसांवर गेली, यावरून एका उत्तम घड्याळाचे मोल कळते.

या मूळ घड्याळाखाली मोठ्या केंद्रांतील दुय्यम घड्याळे आणि त्यांच्याखाली प्रत्येक प्रेषण-यंत्रातील छोटे घड्याळ, अशी उतरंड असते. ठोका वरून खाली वाहतो. वाटेत प्रत्येक टप्पा थोडी अशुद्धी मिसळतो, म्हणून साखळीत किती यंत्रे असावीत यालाही मर्यादा आहे आणि मधूनमधून अधिक स्थिर घड्याळाने ठोका पुन्हा स्वच्छ करावा लागतो. प्रकाशतंतू स्वतःही पूर्णपणे निर्दोष नाही. उन्हाने तापला की त्यातून प्रकाश किंचित उशिरा पोहोचतो. शंभर किलोमीटरच्या तंतूचे तापमान दहा अंशांनी वाढले, तर ठोका ३५ ते ४० नॅनोसेकंदांनी मागे सरतो. नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग. दिवसा मागे, रात्री पुढे, अशा या संथ हेलकाव्याला ‘वाँडर’ म्हणतात. जमिनीत खोल पुरलेल्या केबलला तो कमी जाणवतो. खांबांवरून नेलेल्या केबलला अधिक.

वरचा ठोका तुटला तर

जेसीबीने केबल तोडली आणि वरून येणारा ठोका थांबला, तर यंत्राने काय करावे? अशा वेळी चांगले यंत्र ताबडतोब स्वैर होत नाही. जोपर्यंत ठोका मिळत होता तोपर्यंत आपल्या दोलकाला किती सारावे लागत होते, हे त्याने स्मरणात ठेवलेले असते. त्या स्मरणावर ते चालत राहते. या अवस्थेला ‘होल्डओव्हर’ म्हणतात. गुरूंच्या अनुपस्थितीत शिष्याने शिकवणीप्रमाणे वागावे, तसे हे. मात्र दोलक म्हातारा होतो, खोलीचे तापमान बदलते, आणि तास-दिवस लोटत जातात तसतसे ते स्मरण शिळे होत जाते. होल्डओव्हर ही मुदतीची उधारी आहे, मिळकत नव्हे.

येथे दूरसंचाराच्या नियमांत मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते. प्रत्येक यंत्र आपल्या ठोक्याबरोबर त्या ठोक्याची प्रतही कळवते: हा मूळ सीझियमवरून आलेला आहे, हा दुय्यम घड्याळाचा आहे, किंवा हा आता केवळ माझ्या स्वतःच्या दोलकाचा आहे. खालचे यंत्र ती प्रत वाचून ठरवते, की याचा ठोका घ्यावा की दुसऱ्या वाटेने येणारा. आपला ठोका खालावला आहे हे जे यंत्र लपवते, ते बंद पडलेल्या यंत्रापेक्षा अधिक घातक ठरते. बंद पडलेले निदान सर्वांना दिसते.

याच नियमांत आणखी एक बारकावा आहे. ज्याच्याकडून आपण ठोका घेतो, त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर यंत्र ‘हा वापरू नये’ असा संकेत पाठवते. कारण उघड आहे. अ ने ब कडून घ्यावा आणि ब ने पुन्हा अ कडून घ्यावा, तर दोघेही एकमेकांच्या भरवशावर चालतील. मूळ घड्याळाशी नाते तुटले तरी दोघांनाही आपण बरोबर आहोत असेच वाटेल आणि दोघे मिळून भरकटत जातील. दोन कर्जबाजारी पेढ्यांनी एकमेकींना जामीन राहावे, त्यातलाच हा प्रकार. कागदावर दोन्ही भक्कम. खाली पाया नाही.

शेजारच्या खोडदचे उदाहरण

ठोका प्रकाशतंतूने वाहून नेण्याची कला किती उंचीला जाऊ शकते, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. नगरहून कल्याणच्या रस्त्याने टाकळी ढोकेश्वर, बेल्हे ओलांडून आळेफाट्याकडे गेले, की नारायणगाव परिसरात खोडद लागते. जुन्नर तालुक्यातील याच परिसरात आर्वी येथे १९७१ मध्ये देशातील पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झाले. त्याला डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव आहे. अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातील या शास्त्रज्ञाने देशाच्या अवकाश-कार्यक्रमाचा पाया घातला. खोडदला पुढे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे येथील केंद्राने महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. चौदा मध्यवर्ती भागात आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर. एकूण पसारा सुमारे पंचवीस किलोमीटर.

या तीस अँटेना मिळून एक दुर्बीण होते, ती केवळ समान ठोक्यामुळे. मध्यवर्ती केंद्रातून संदर्भ-कंप्रता प्रकाशतंतूंनी प्रत्येक अँटेनापाशी पोहोचवली जाते, तेथील दोलक तिला बांधून घेतले जातात, आणि अँटेनाने टिपलेला रेडिओ-संकेत तंतूंनीच केंद्रात परत येतो. अवकाशातील हायड्रोजनची ओळख सांगणाऱ्या रेडिओ-लहरीची लांबी २१ सेंटिमीटर असते, आणि प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे एखाद्या अँटेनाचा ठोका नॅनोसेकंदाच्या छोट्याशा अंशाने डळमळला, तरी तिची लहर इतरांच्या लहरींशी जुळत नाही आणि चित्र पुसट होते. म्हणून शास्त्रज्ञ निरीक्षण चालू असताना मधूनमधून दुर्बीण एखाद्या सुपरिचित तेजस्वी स्रोताकडे वळवतात आणि सर्व अँटेनांचा मेळ तपासून घेतात. रोकड रोजच्या रोज मोजणाऱ्या घराला वर्षअखेरीचे भय नसते. ही रीत तशीच आहे. २०२० मध्ये या दुर्बिणीला जागतिक विद्युत-अभियंता संस्थेचा ‘माइलस्टोन’ सन्मान मिळाला.

वेगही तोच, क्षणही तोच

राजाबाई टॉवरची घंटा किलोमीटरभर दूर असलेल्या माणसाला जवळजवळ तीन सेकंद उशिरा ऐकू येते. तासातासाचे अंतर त्याला बरोबर कळते. नेमका क्षण मात्र चुकतो. जुन्या टेलिफोन-जाळ्याला एवढे चालत असे, कारण त्याला फक्त सारखा वेग हवा होता. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात सुरू झालेल्या फाइव्ह-जी सेवेला हे पुरत नाही. तिच्या मुख्य लहरपट्ट्यात टॉवरने बोलणे आणि मोबाइलने बोलणे एकाच कंप्रतेवर आळीपाळीने चालते. सर्व टॉवरांनी एकाच क्षणी बोलावे आणि एकाच क्षणी ऐकावे लागते. सर्वमान्य वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाहून अधिक ढळून चालत नाही. एखादा टॉवर ढळला, तर शेजारचे टॉवर ग्राहकांचे क्षीण बोलणे ऐकत असतानाच तो मोठ्याने बोलू लागतो. चूक एकाची, त्रास शेजाऱ्यांना.

नेमका क्षण कळवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत दोन यंत्रे एकमेकांना वेळेची नोंद असलेले संदेश पाठवतात आणि जाण्यायेण्याच्या एकूण वेळेच्या निम्मा हा वाटेचा विलंब धरतात. जाण्याची आणि येण्याची वाट सारख्या लांबीची नसेल, तर हा हिशेब चुकतो. म्हणून वाटा काळजीपूर्वक आखाव्या लागतात. दुसरी रीत सोपी: टॉवरवर छोटी अँटेना लावायची आणि अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांवरील अणुघड्याळांची वेळ थेट आकाशातून घ्यायची.

सोपी रीत किती नाजूक असू शकते, हे २६ जानेवारी २०१६ रोजी दिसले. एक जुना उपग्रह सेवेतून काढताना काही जीपीएस उपग्रहांवरून सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकलेली वेळ-दुरुस्ती प्रसारित झाली. जगाच्या अनेक भागांत दूरसंचाराच्या यंत्रांनी कित्येक तास धोक्याच्या सूचना दिल्या. ज्यांच्यापाशी उत्तम होल्डओव्हर आणि दुसऱ्या वाटेने येणारा ठोका होता, त्यांना ते संकट सोसता आले.

भारताने आपले ‘नाविक’ उपग्रह सोडले, ते वेळ आणि स्थान यांसाठी परक्या घड्याळावर विसंबावे लागू नये म्हणून. त्यातही धडा मिळाला. त्या मालिकेतील पहिल्या उपग्रहावरची आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे निकामी झाली. उपग्रह आकाशात होता, पण वेळ सांगू शकत नव्हता. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर मात्र इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने विकसित केलेले रुबिडियम घड्याळ बसवलेले होते.

आपल्या पेढीवर

या साऱ्यांतून व्यापारी कुटुंबाने घ्यावे असे काय? एक तर, घरातील इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींनी या शाखेकडे अवश्य पाहावे. दूरसंचार, वीजवहन, रोखेबाजार, अवकाश, या सर्वांना ठोका सांभाळणारी माणसे हवी आहेत.

दुसरे, आपल्या पेढीवरही आता अनेक घड्याळे आहेत: बिलाचा संगणक, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचे यंत्र, वजनकाट्याला जोडलेला छापखाना. माल किती वाजता सुटला, पैसे किती वाजता आले, याचा वाद उद्भवला, तर या नोंदींची वेळ हाच पुरावा असतो. आणि पंधरा मिनिटे चुकलेल्या कॅमेऱ्याचे खरे चित्रही संशयास्पद ठरते. २८ एप्रिल २०२२ रोजी देशाच्या सायबर-सुरक्षा संस्थेने, सीईआरटी-इनने, काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवणारे, डेटा केंद्रे, कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी नाते असलेल्या वेळेशी, जुळवावीत असे सांगितले आहे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. संगणकात आणि रेकॉर्डरमध्ये इंटरनेटवरून आपोआप वेळ घेण्याची सोय असते. ती चालू आहे ना, आणि भारतीय प्रमाणवेळच निवडलेली आहे ना, हे पाहावे. ज्या यंत्राला इंटरनेट नाही, ते होल्डओव्हरवर चालले आहे असे समजावे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याची वेळ मोबाइलशी ताडून पाहावी, फरक वहीत लिहावा आणि मगच वेळ दुरुस्त करावी. फरक लिहून ठेवला, तर मागच्या महिन्यातील नोंदींचाही खरा क्षण पुढे केव्हाही काढता येतो.